नकाशावरची दिंडी : सोलापूर ते शिजियाझ्वांग

तुमच्या वर्गातील चाळीस जणांनी मिळून रोज ऐंशी किलोमीटर चालायचे ठरवले, तर जमेल का? "छे! एवढे कोण चालणार?" असे तुम्ही लगेच म्हणाल. पण हिशोब करून पाहा बरे. प्रत्येकाने रोज फक्त दोन किलोमीटर चालायचे. शाळेला जाणे-येणे, दुकानावर जाणे, मधल्या सुट्टीत मैदानाला दोन फेऱ्या, एवढ्यात दोन किलोमीटर सहज होतात. चाळिसांचे मिळून झाले ऐंशी! सोलापूरहून पंढरपूर सत्तर-बहात्तर किलोमीटर. म्हणजे तुमचा वर्ग पहिल्याच दिवशी पंढरपूर ओलांडून पुढे जाईल. अर्थात, नकाशावर.

हा खेळ जगातील अनेक शाळांत आणि कचेऱ्यांत खेळला जातो. सर्वांची पावले एकत्र मोजायची, त्यांची बेरीज करायची आणि तेवढे अंतर नकाशावर पुढे सरकायचे. वाटेत जो गाव, जो देश लागेल, तेथील माणसे काय खातात, काय पांघरतात, कोणती भाषा बोलतात, हे शोधून वर्गाला सांगायचे. पाय आपल्या गावात आणि मन परमुलखात!

सोलापूर जिल्ह्यातील मुलांना पदयात्रा म्हणजे काय हे कोणी शिकवायला नको. आषाढात आळंदी-देहूच्या पालख्या याच जिल्ह्यात येतात. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी तर सोलापूर शहरातूनच पंढरपूरला जाते. पण दिंडीत आणि या खेळात एक फरक आहे. वारीत प्रत्येक वारकरी सारी वाट स्वतः चालतो. कोणी कोणाची वाट वाटून घेत नाही. येथे मात्र वाट सर्वांत वाटली जाते आणि अंतराची बेरीज होते. म्हणून यात मोजणे खरे असावे लागते. एकाने थाप मारली, तर साऱ्या वर्गाचा मुक्काम चुकतो.

जायचे कोठे?

सोलापूरच्या मुलांसाठी एक ठिकाण आम्ही सुचवतो : उत्तर चीनमधील शिजियाझ्वांग. नाव उच्चारायला जरा कठीण आहे खरे! परंतु सोलापूरचा एक मुलगा तेथे कायमचा विसावला आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव तुम्ही ऐकलेच असेल. भैय्या चौकात त्यांचे स्मारक आहे.

१० ऑक्टोबर १९१० रोजी त्यांचा जन्म सोलापुरात झाला. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ते डॉक्टर झाले. त्या वेळी जपानने चीनवर आक्रमण केले होते आणि जखमींवर उपचार करायला चीनकडे पुरेसे डॉक्टर नव्हते. चिनी सेनापती चू ते यांनी पंडित नेहरूंकडे मदत मागितली. काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी पुढाकार घेतला आणि पाच डॉक्टरांचे पथक तयार झाले : अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू व मुकर्जी आणि सोलापूरचे कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून त्यांची बोट सुटली. कोटणिसांचे वय तेव्हा अठ्ठावीसही पूर्ण झालेले नव्हते.

त्यांचा प्रवास समुद्रमार्गे, नंतर नदीतून आणि पुढे मोटारट्रकने झाला. फेब्रुवारी १९३९ मध्ये ते यनान या डोंगराळ गावी पोहोचले. तेथून ते आघाडीजवळच्या प्रदेशात गेले. शत्रूच्या ठाण्यांमधून वाट काढत, कधी पायी तर कधी घोड्यावरून, असा तो प्रवास होता. पण तेथे पोहोचल्यावर त्यांनी काय केले, ते आपण मुक्कामी पोहोचू तेव्हा पाहू. आधी चालायला तर लागू या!

पाऊल किती लांब?

कोणतेही मापन करायचे म्हणजे आधी एकक ठरवावे लागते. येथे एकक आहे तुमचे पाऊल. ते प्रत्येकाचे वेगळे असणार. सहावीतल्या छोट्याचे आणि दहावीतल्या उंच मुलाचे पाऊल सारखे कसे असेल?

मैदानावर फितीने बरोबर १०० मीटर अंतर मोजा आणि दोन्ही टोकांना चुन्याची रेघ ओढा. आता नेहमीच्या चालीने या टोकापासून त्या टोकापर्यंत चाला आणि पावले मोजा. मुद्दाम लांब ढांगा टाकू नका. पाहुणे बघताहेत म्हणून ऐटीत चालू नका. असे तीनदा करा आणि सरासरी काढा. समजा, १६७ पावले झाली. १०० ला १६७ ने भागले की आले सुमारे ०.६० मीटर, म्हणजे ६० सेंटिमीटर. हे तुमचे पाऊल. अशा मुलाला दोन किलोमीटरसाठी सुमारे ३,३३० पावले टाकावी लागतील.

हे इतके जपून का करायचे? समजा, वर्गाने कंटाळा केला आणि सर्वांत उंच मुलाचे ७० सेंटिमीटरचे पाऊलच सर्वांना लावले. खरी सरासरी मात्र ६० सेंटिमीटर आहे. मग काय होईल? कागदावर तुम्ही ४,३७० किलोमीटर चालून शिजियाझ्वांगला पोहोचाल, हारतुरेही वाटाल. पण खरे अंतर झाले असेल फक्त ३,७५० किलोमीटर. म्हणजे तुम्ही अजून यनानच्याही दीडशे किलोमीटर अलीकडे कोठेतरी डोंगरात उभे आहात!

येथे चुकांचे दोन प्रकार लक्षात घ्या. एखादी मुलगी मोजताना दहा पावले विसरली, दुसऱ्या एकाने दहा जास्त धरली, तर अशा चुका दोन्ही बाजूंना होतात. चाळीस मुले आणि पंचावन्न दिवस यांची बेरीज केली की त्या बऱ्याचशा एकमेकींना खाऊन टाकतात. पण मापच चुकीचे घेतले, तर प्रत्येक पावलाला चूक एकाच बाजूला होते आणि जितके चालावे तितकी ती वाढत जाते. पहिल्या प्रकारच्या चुकीवर जास्त मोजण्या हा उपाय आहे. दुसऱ्या प्रकारावर तो चालत नाही; तेथे मापच तपासावे लागते.

वर्गातील कोणी चाकाच्या खुर्चीवर असेल, तर त्याचे मापन सर्वांत अचूक होईल. चाकाच्या कडेला खडूची खूण करायची आणि फेरे मोजायचे. चाकाचा व्यास ६१ सेंटिमीटर असेल, तर परीघ सुमारे १.९२ मीटर. दोन किलोमीटरला हजाराहून थोडे अधिक फेरे. रस्ते मोजणारे सर्वेक्षक अशीच चाके वापरत आले आहेत.

घरी कोणाच्या मोबाइलमध्ये पावले मोजण्याची सोय असेल. त्याच्या आत सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म तुकडा सूक्ष्म पट्ट्यांवर तोललेला असतो. आपण पाऊल टाकले की शरीराला हिसका बसतो, तो तुकडा किंचित हलतो आणि त्याच्या हालचालीची विद्युत-खूण होते. ठरावीक तालात येणारे हिसके म्हणजे पावले, असे ते यंत्र समजते. पण खड्ड्यांच्या रस्त्यावर एस.टी.त बसलात, तर तेथेही ते काही पावले मोजून टाकते. म्हणून यंत्राचीही १०० मीटरच्या रेघेवर परीक्षा घ्या.

रोज १०,००० पावले चालावीत, असे तुम्ही ऐकले असेल. हा आकडा मुळात डॉक्टरांनी शोधलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावले मोजण्याचे एक यंत्र विकायला आले. त्याचे नाव होते 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. नाव लोकांच्या तोंडी बसले आणि आकडाही! २०१९ साली अमेरिकेत वयस्क स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ४,४०० पावलांनीही फायदा दिसला आणि ७,५०० च्या पुढे तो फारसा वाढला नाही. तेव्हा दहा हजार झाली नाहीत म्हणून रात्री घरातल्या घरात येरझाऱ्या घालायचे कारण नाही.

जपमाळेवर मोजलेला तिबेट

पावलांनी देश मोजणे ही काही पोरखेळाची गोष्ट नाही. सिकंदराच्या सैन्याबरोबर पावले मोजणारी माणसे असत. इंग्रजीतला 'मैल' हा शब्दसुद्धा रोमन सैनिकांच्या हजार दुहेरी पावलांवरून आला. पण या विद्येतला खरा उस्ताद आपल्या देशातला आहे. त्याचे नाव नैनसिंग रावत.

नैनसिंग हा कुमाऊंच्या जोहार खोऱ्यातील मिलम गावचा. तिबेटात तेव्हा परक्यांना बंदी होती आणि ब्रिटिश सर्वेक्षण खात्याच्या नकाशावर तो भाग जवळजवळ कोरा होता. कॅप्टन माँटगोमेरी यांनी नैनसिंगसारख्या सीमेवरील माणसांना डेहराडूनला शिकवले. चढ असो, उतार असो, पाऊल सारख्याच लांबीचे पडले पाहिजे, असा सराव त्यांच्याकडून करून घेतला. साधारण दोन हजार पावलांचा एक मैल होई.

मोजायचे कसे? वहीत लिहिले तर पकडले जाणार! म्हणून नैनसिंगच्या हातात जपमाळ होती. जपमाळेत एरवी १०८ मणी असतात. याच्या माळेत १०० होते. दर शंभर पावलांना एक मणी पुढे. माळ पुरी झाली की दहा हजार पावले, म्हणजे पाच मैल! पाहणाऱ्याला वाटे, काय हा भक्तिभाव! तिबेटी लोकांच्या हातात फिरते प्रार्थनाचक्र असते. त्याच्या पोकळीत मंत्राच्या कागदाऐवजी मोजमापांचे चिटोरे होते. अशा रीतीने तो जानेवारी १८६६ मध्ये ल्हासाला पोहोचला. या प्रवासात त्याने सुमारे बाराशे मैल, म्हणजे पंचवीस लाखांच्या आसपास पावले मोजली, असा हिशोब आहे. १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिले.

उंची त्याने कशी मोजली ठाऊक आहे? पाणी उकळून! जसजसे वर जावे तसतसा हवेचा दाब कमी होतो आणि पाणी कमी तापमानाला उकळते. दर तीनशे मीटरला ढोबळ मानाने एक अंश. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर. येथे पाणी साडेअठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपास उकळते. ल्हासा ३,६५० मीटरवर. तेथे ते सुमारे ८८ अंशांनाच उकळू लागते. त्यामुळे तेथे तूरडाळ शिजवायची म्हणजे बराच वेळ चूल फुंकत बसावे लागेल. नैनसिंगचा तापमापक चहाच्या आधणातच त्याला पर्वताची उंची सांगत होता.

सरळ रेघ कोणती?

आता वाट ठरवू. भिंतीवरच्या नकाशात सोलापूर आणि शिजियाझ्वांग यांना पट्टीने जोडाल, तर फसाल. पृथ्वी गोल आहे आणि नकाशा सपाट. गोल वस्तू सपाट करताना ती कोठेतरी ताणली जातेच. (संत्र्याची साल टेबलावर दाबून पाहा.) म्हणून शाळेतला पृथ्वीचा गोल घ्या. एक दोरा सोलापूरवर धरा, दुसरे टोक शिजियाझ्वांगवर ठेवा आणि दोरा ताणून बसवा. गोलावरची सर्वांत जवळची वाट हीच.

सोलापूर १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७५.९ अंश पूर्व रेखांशावर आहे. शिजियाझ्वांग ३८ अंश उत्तर, ११४.५ अंश पूर्व. या दोन ठिकाणांपासून पृथ्वीच्या केंद्राकडे रेघा ओढल्या, तर त्यांच्यातील कोन भरतो ३९.३ अंश. पृथ्वीच्या पृष्ठावर एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर. गुणाकार करा : सुमारे ४,३७० किलोमीटर. रोज ८० प्रमाणे ५५ दिवस. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर हा दोरा सव्वादहा सेंटिमीटरच भरेल आणि तुमची एका दिवसाची चाल दोन मिलिमीटर!

एक गंमत पाहा. सोलापूरहून निघताना या वाटेची दिशा उत्तरेपासून पूर्वेकडे ५१ अंश असते, आणि मुक्कामी पोहोचताना ७० अंश. आपण कोठेही वळलो नाही, तरी दिशा बदलली! असे का झाले, हे गोलावर रेखावृत्ते कशी एकमेकांकडे झुकत जातात ते पाहून तुमचे तुम्हीच शोधा.

वाटेवर

पहिल्या दिवशी दुपारी तुम्ही तुळजापूर आणि नळदुर्ग यांच्या मधून जाल. संध्याकाळचा मुक्काम औसा आणि किल्लारी यांच्या परिसरात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे याच भागात मोठा भूकंप झाला होता. घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. सोलापुरातही तो जाणवला होता. तिसऱ्या दिवशी नांदेड डाव्या हाताला राहील. सहाव्या दिवशी चंद्रपूरजवळचे भद्रावती येईल. म्हणजे आपले महाराष्ट्र राज्य ओलांडायलाच आठवडा जाणार! पुढे छत्तीसगड. अकराव्या दिवशी कोरबा शहराच्या अलीकडे तुम्ही ८२.५ अंश पूर्व रेखावृत्त ओलांडाल. भारतातील सारी घड्याळे याच रेखावृत्तावर लावलेली असतात. सोलापूर त्याच्या पश्चिमेला साडेसहा अंश असल्याने आपल्याकडचा सूर्य घड्याळापेक्षा सुमारे २६ मिनिटे मागे असतो. चौदाव्या दिवशी झारखंडच्या सीमेजवळ कर्कवृत्त लागेल.

प्रत्येक मुक्कामी एकच प्रश्न विचारायचा, असे ठरवले तर मजा येते. सोलापूर हे चादरींचे गाव. तेव्हा विचारा : येथले लोक काय विणतात आणि काय पांघरतात? कोरबा-चांपा भागात कोसा रेशीम आहे. हा किडा तुतीवर नव्हे, तर ऐन-अर्जुनासारख्या रानझाडांवर वाढतो. बिहारात भागलपूरकडे त्याच जातीचे रेशीम 'टसर' म्हणून भेटते. भूतानमध्ये बायका कंबरेला माग बांधून विणतात. ताणा घट्ट ठेवायला स्वतःच्या पाठीचाच जोर! त्या कापडाला तेथे 'किरा' म्हणतात आणि पुरुषांच्या झग्याला 'घो'. तिबेटात लोकर आणि मेंढीचे कातडे. सोलापुरातील पद्मशाली विणकर आंध्र-तेलंगणातून येथे आले आणि घरी आजही तेलुगू बोलतात. मग दुसऱ्या गावी विणकर कोठून आले असतील, हाही प्रश्न विचारून पाहा.

सतराव्या दिवशी नालंदा डाव्या हाताला साठेक किलोमीटरवर राहील. तेथे जरा थांबावेच. सातव्या शतकात चीनहून ह्यूएनत्संग नावाचा बौद्ध भिक्षू याच नालंदेत शिकायला आला होता. तो महाराष्ट्रातही येऊन गेला आणि दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यातील लोकांबद्दल त्याने लिहून ठेवले. ६४५ साली तो चीनला परतला. म्हणजे या वाटेने, उलट्या दिशेने, आपल्याआधी तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी एक जण येऊन गेला आहे!

एकविसाव्या दिवशी जलपायगुडी, बाविसाव्या दिवशी भूतान. येथे तुमच्या डाव्या हाताला चाळीसेक किलोमीटरवर गांगखर पुनसुम हे ७,५७० मीटर उंचीचे शिखर असेल. जगातील कोणीही न चढलेल्या शिखरांत ते सर्वांत उंच मानले जाते. कारण कठीणपणा एवढेच नाही. पर्वतशिखरे ही देवतांची स्थाने आहेत, अशी तेथील लोकांची श्रद्धा असल्याने भूतानने २००३ सालापासून गिर्यारोहणच बंद केले आहे. आपल्या दोऱ्याची वाट सुदैवाने शिखराला टाळून जाते!

पंचविसाव्या दिवशी ल्हासा डावीकडे दीडशे किलोमीटर. अठ्ठाविसाव्या दिवशी अर्धी वाट संपते, ती त्सांगपो नदीच्या परिसरात. हीच नदी पुढे अरुणाचलात उतरून आसामात ब्रह्मपुत्रा होते. मग तिबेटचे पठार, पूर्वेचे डोंगर, गानसू प्रांत. हा भाग लांब आणि निर्जन आहे. वर्गाचा उत्साह बहुधा येथेच ओसरेल. गुरुजींनी आणि बाईंनी हे आधीच ध्यानात घ्यावे! रात्री ध्रुवतारा पाहायला सांगावा. सोलापुरात तो क्षितिजापासून पावणेअठरा अंशांवर दिसतो. वर्ग उत्तरेकडे सरकेल तसा तो 'वर' चढत असणार आणि शेवटी ३८ अंशांवर जाणार. आज आपल्या मुक्कामी तो किती वर असेल, हे कोनमापक आणि ओळंबा घेऊन आकाशात बोटाने दाखवता येते.

यनान

आता या वाटेतली मोठी नवलाची गोष्ट सांगतो. आपण दोरा ताणला तो सोलापूर आणि शिजियाझ्वांग यांच्यात. यनान कोठे आहे याचा विचारच केला नव्हता. तरी ३,९०० किलोमीटरवर, म्हणजे एकोणपन्नासाव्या दिवशी, हा दोरा यनानपासून वीस किलोमीटरांच्या आतून जातो! चार हजार किलोमीटरांत वीस म्हणजे काहीच नाही. यात गूढ काही नाही, निव्वळ योगायोग. पण सोलापूरकरांना तो सुखावेल.

यनानची जमीन आपल्या जमिनीच्या अगदी उलट आहे. सोलापूरची काळी माती ओली झाली की फुगते आणि उन्हाळ्यात तडकते. तिच्यात कोणी गुहा खोदायला गेला तर कोसळेल. यनानची माती पिवळी. हजारो वर्षे वाऱ्याने वाळवंटाकडून आणून टाकलेली ही धूळ. तिला 'लोएस' म्हणतात. तिचे कण टोकदार असून चुन्याने एकमेकांना धरून ठेवलेले असतात. म्हणून तिचा कडा उभाच्या उभा राहतो. लोक त्यात घरे कोरतात. ती थंडीत ऊबदार आणि उन्हाळ्यात गार राहतात. हीच माती वाहून नेल्याने तेथील मोठी नदी पिवळी झाली आणि 'पीत नदी' म्हणून ओळखली गेली.

खायला काय? भाताची अपेक्षा ठेवाल तर चुकाल. उत्तर चीन हा भरड धान्यांचा मुलूख. तेथे 'काओलियांग' नावाचे उंच ताटांचे पीक होते. ते म्हणजे आपली ज्वारी! मंगळवेढ्याला ज्वारीचे कोठार म्हणतात आणि 'मालदांडी' हा ज्वारीचा प्रसिद्ध वाण मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडला गेला. पण ज्वारी मुळात आपलीही नाही. ती आफ्रिकेत, आजच्या सुदानच्या बाजूला, माणसाने प्रथम पिकवली. तेथून ती भारतात आली आणि पुढे चीनपर्यंत गेली. यनानमधले दुसरे धान्य 'श्याओमी', म्हणजे आपला राळा. भोगीला तुमच्या आजीने राळ्याचा भात केला असेल. या राळ्याची शेती माणसाने प्रथम केली ती उत्तर चीनमध्ये. शिजियाझ्वांग ज्या हपै प्रांतात आहे, त्याच प्रांतातील त्सिशान येथे आठ हजार वर्षांहून जुना राळा उत्खननात मिळाला आहे. म्हणजे एक धान्य पश्चिमेकडून सोलापूरमार्गे पूर्वेला जाते आणि दुसरे पूर्वेकडून सोलापूरच्या ताटात येते. कोटणीस तेथे जेवायला बसले असतील, तेव्हा पदार्थ नवे असतील. धान्ये मात्र ओळखीची होती.

मुक्काम

उरलेले ४७० किलोमीटर म्हणजे सहा दिवस. याच डोंगराळ मुलखात कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून जखमींवर शस्त्रक्रिया करत होते. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेली जखम चिघळून १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते वारले. त्यांच्या नावाने चालणाऱ्या रुग्णालयाचे प्रमुखपद १९४१ च्या जानेवारीत डॉ. कोटणिसांकडे आले. ते चिनी भाषा शिकले, तिच्यातून विद्यार्थ्यांना वैद्यक शिकवू लागले. तेथे त्यांचे नाव झाले 'के दीह्वा'. त्यातील 'ह्वा' म्हणजे चीन. क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव ठेवले 'यिनह्वा' : 'यिन' म्हणजे भारत, 'ह्वा' म्हणजे चीन.

मूल साडेतीन महिन्यांचे असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी डॉ. कोटणिसांचा मृत्यू झाला. वय बत्तीस. पथकातील बाकीचे चौघे मायदेशी परतले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी या कथेवर पुस्तक लिहिले आणि व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यावर चित्रपट काढला. शिजियाझ्वांगच्या हुतात्मा स्मशानभूमीत बेथ्यून आणि कोटणीस या दोघांच्याही समाध्या आहेत.

आता निघायचे केव्हा, ते ठरवा. आमची सूचना अशी : १ सप्टेंबरला, बोट सुटली त्या तारखेला निघा. आठवड्याचे सहा दिवस चाललात आणि गणपती, दसरा व दिवाळीच्या सुट्ट्या वगळल्या, तर ५५ दिवस भरून ९ डिसेंबरच्या आसपास तुम्ही मुक्कामी पोहोचता. हजेरीपटाशेजारी एक वही टांगा. रोजची बेरीज एकाने करावी आणि दुसऱ्याने तपासावी. दिवाळीच्या सुट्टीत कोणी आजोळी चालले, तर ती पावले धरायची की नाही, हा वाद तुमच्या वर्गात नक्की होणार. तो निघण्यापूर्वीच मिटवून टाका.